टाचणीचा डाग

१

रविवारी सकाळी नऊला अनसूयावहिनींनी माझ्या दाराची बेल अशी दाबून धरली, की मला वाटलं गॅसच पेटला. दार उघडलं तर वहिनी छातीशी एक जाडजूड फाइल धरून उभ्या.

"सुचेताताई, फोटो गेला."

"कुठला?"

"गेटचा."

चपला न घालता जिना चढून तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरी गेले.

ईश्वरभाऊ म्हणजे ईश्वर मांडवकर. तुम्ही त्यांना शंभर वेळा पाहिलंय आणि नाव एकदाही ऐकलेलं नाही. मालिकेत "ऑर्डर, ऑर्डर" म्हणणारा जज, ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर, मुलीच्या लग्नात पगडी हातात घेऊन उभा असलेला बाप. आमच्या सिल्व्हर पार्कमधला वाणीसुद्धा त्यांना "जजसाब, दूध का पैकेट?" असं विचारतो. खरं नाव धाकू. रत्नागिरीकडच्या गावात नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, संकासुराचं मुखवट्याचं सोंग नाचायचे, मग मुंबईत गिरणीत विणाई खात्यात सोळा वर्षं, संध्याकाळी कामगारांच्या नाटकात. तिथल्याच कोणी तरी ईश्वर हे नाव दिलं. संपात गिरणी गेली, तेव्हा वॉचमन झाले, डबिंगमध्ये दुसऱ्यांसाठी रडले, गर्दीत उभे राहिले, आणि हळूहळू जज झाले. हे सगळं त्या फाइलीत होतं. प्लॅस्टिकच्या एकेका पाकिटात एकेक फोटो.

आणि त्यात एक गेटचा. सत्याऐंशी सालच्या एका चित्रपटात ते बंद पडलेल्या गिरणीचे गेटकीपर होते. आयुष्यातली त्यांची एकमेव मोठी भूमिका. गेटला शेवटचं कुलूप लावून तो म्हातारा त्या गेटशीच बोलतो, असा चार मिनिटांचा सीन होता. तो सीन पडद्यावर कधी आलाच नाही. एडिटिंगच्या टेबलावर कापला गेला. उरला होता फक्त त्या भूमिकेतला हा फोटो.

आज चार वाजता रोशन नावाचा तरुण दिग्दर्शक येणार होता. त्याला त्याच्या सिनेमासाठी म्हातारा गेटकीपर हवा होता, आणि तीच मुख्य भूमिका होती. बबनराव नावाच्या जुन्या एडिटरने त्याला सांगितलं होतं, "तो कापलेला सीन मी पाहिलाय. तसला चेहरा परत पाहिला नाही." पण निर्माता दुसऱ्या नटासाठी अडून बसला होता. रोशन फोनवर म्हणाला होता, "काका, मला तो फोटो द्या. मोठा करून प्रोड्युसरच्या टेबलावर ठेवतो. त्याशिवाय तो ऐकणार नाही."

सहासष्टाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदा नायक व्हायला बोलावलं होतं, आणि नेमकं तेच पाकीट रिकामं होतं.

२

आता माझ्याबद्दल. मी पोलीस नाही. सत्तावीस वर्षं मी शूटिंगवर कंटिन्युइटी सांभाळली. नट आज दारातून बाहेर पडतो आणि त्याच सीनमध्ये आठ दिवसांनी अंगणात पोचतो. मधल्या काळात त्याचं बटण, घड्याळ, केसांचा भांग बदलला नाही ना, हे बघणारी बाई म्हणजे मी. दर शॉटचा पोलरॉइड फोटो काढायचा, त्याला चिठ्ठी टोचायची, वहीत लिहायचं. सेटवर दिग्दर्शकाशी वाद घातलेला चालतो, कंटिन्युइटीच्या बाईशी नाही. तिची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आता रिटायर झालेय, पण खोड जात नाही. कोणाच्याही घरात शिरले की कालपेक्षा काय बदललंय तेच आधी दिसतं.

ईश्वरभाऊ खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"जाऊ दे हो बाई," ते म्हणाले. सेटवरच्या सवयीने ते अजून मला बाईच म्हणतात. "एक फोटो तो. नशिबात नाही."

"नशिबाला हात नसतात, ईश्वरभाऊ. कोणी तरी काढलाय तो."

मी फाइल मांडीवर घेतली. आदल्या संध्याकाळी, म्हणजे शनिवारी, हीच फाइल याच टीपॉयवर होती आणि फोटो आत होता. मी स्वतः पाहिला होता. चहाला आम्ही पाच जण होतो. ईश्वरभाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा निकेत, मी आणि उत्तम. उत्तम म्हणजे ईश्वरभाऊंचा तीस वर्षांचा दोस्त, पडद्यावरचा कायमचा इन्स्पेक्टर, राहतो भाईंदरला इंद्रलोकमध्ये. निर्माता ज्या नटासाठी अडून बसला होता, तो हाच.

शनिवारची ती बैठक मी मनात परत चालवून पाहिली. वहिनींनी पोहे दिले. निकेत तोंड पाडून मोबाइलशी खेळत होता. उत्तम म्हणाला, "ईश्वर, रोल तुला मिळाला तर पार्टी, मला मिळाला तर दोन पार्ट्या." मग मी फाइल उघडून गेटच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "उद्या हा फोटो मीच पाकिटातून काढून देणार. माझ्या हातचा आहे. आणि ईश्वरभाऊ, या वेळेला डावा-उजवा नीट बघा हं!"

सगळे हसले. ईश्वरभाऊही हसले. ही माझी जुनी थट्टा होती. तो सीन कापला गेला तो ईश्वरभाऊंच्याच चुकीने. म्हाताऱ्याच्या हाताला जखम होते आणि तो पट्टी बांधतो, हे पहिल्या दिवशी शूट झालं. पट्टी डाव्या हाताला. दुसऱ्या दिवशी तो चार मिनिटांचा शॉट झाला, आणि त्यात पट्टी उजव्या हाताला. गिरणीचं गेट फक्त दोनच दिवस मिळालं होतं. परत शूट करणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सेटवर नव्हते, पण चिठ्ठी पाठवली होती. ईश्वरभाऊंनी स्वतः दिग्दर्शकाला सांगितलं, "बाईंनी बरोबर लिहिलं होतं. माझ्याच हातून झालं." तेव्हापासून ज्या ज्या सेटवर त्यांचं नाव निघालं, तिथे मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. नटाला डावं-उजवं कळत नाही म्हणजे बघा!

पाकिटाला कुठे ओरखडा नव्हता. सतरा वर्षं प्लॅस्टिकमध्ये राहिलेला फोटो चिकटून बसतो. ओढला तर रंग मागे राहतो. इथे रंगाचा ठिपकाही नव्हता. मी पाकिटात बोट घातलं. बोटाला पांढरी पावडर लागली.

"वहिनी, घरात टाल्कम पावडर कोण लावतं?"

"मी नाही बाई लावत. यांच्या मेकअपच्या डब्यात असते." वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "का हो?"

पावडर टाकून चिकटलेला फोटो सोडवायची युक्ती मेकअप-रूममध्ये वावरलेल्यालाच माहीत. म्हणजे चोर आमच्याच लाइनीतला होता.

३

निकेत गच्चीच्या जिन्यावर सापडला. बँकेच्या ऑफिसात कामाला, बापाची नाकाची ठेवण आणि आईचा राग.

"निकेत, काल रात्री जेवताना तू बाबांशी भांडलास. भिंतीला कान असतात, माझं तर छतही पातळ आहे."

"हो, भांडलो. मावशी, त्यांची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालं नाय. आउटडोअर शूटिंग, चाळीस दिवस. काय झालं तर कोण बघणार? तो रोशन?" तो खाली बघून म्हणाला, "मी त्याला फोन केला होता. काल. बाबांची तब्येत बरी नाही, दुसरा कोणी बघा म्हणून."

"आणि?"

"तो बोलला, काकांना स्वतःला सांगू दे. संपलं. फोटोला मी हात नाय लावला. आईशप्पथ." त्याचे डोळे भरले होते. "तो फोटो मी लहानपणी शाळेत नेला होता, मावशी. माझे बाबा हिरो आहेत म्हणून दाखवायला. तो मी फेकेन?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रिक्षा पकडून इंद्रलोक गाठलं.

उत्तम दाढी करत होता. अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून त्याने दार उघडलं. सगळं ऐकल्यावर तो स्टुलावर बसला.

"बाई, मला रोल पाहिजे. खोटं कशाला बोलू? पण असा नको. आणि मी तिथून निघालो ते तुमच्याबरोबरच. तुम्हीच मला खाली रिक्षापर्यंत सोडलंत. फाइल तेव्हा कुठे होती?"

फाइल टीपॉयवर होती, आणि बंद होती. मी ती स्वतः बंद केली होती, फोटो आत ठेवून. उत्तम सुटला.

"एक सांगू?" तो ब्लेड पुसत म्हणाला. "तुम्ही काल परत तो डाव्या-उजव्याचा जोक मारलात. दर वेळी मारता. मी हसतो, तोही हसतो. पण मला तो कधी पटला नाही. धाकू सोळा वर्षं मागावर होता. तिथे डावं-उजवं चुकलं तर बोटं जातात. त्याची दहाच्या दहा शाबूत आहेत. नमनात तोंडावर मुखवटा, समोरचं धड दिसत नाही, तरी एक पाऊल चुकायचा नाही. असला माणूस पट्टी चुकीच्या हाताला बांधेल?"

"मग त्याने कबूल का केलं?"

"मी विचारलं होतं. चार पेग झाल्यावर. तो बोलला, उत्तम, तो सीन कापला, आता तू कशाला उकरतोस."

परत येताना रिक्षात मी स्वतःचेच दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होते.

४

दुपारी एकला मी फाइल मागून घेतली आणि माझ्या खिडकीत बसले. ते रिकामं पाकीट उन्हात तिरकं धरलं. जुन्या प्लॅस्टिकवर आतल्या वस्तूचा ठसा राहतो. फोटोचा चौकोन दिसत होता. त्या चौकोनाच्या आत आणखी एक लहान चौकोन होता, पिवळट. फोटोच्या मागे घडी घातलेला एक कागद होता. इतकी वर्षं.

फोटो मी शंभर वेळा पाहिला होता, पण कायम पाकिटातून. मागची बाजू कधीच पाहिली नव्हती.

दोन्ही चौकोनांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात गंजाचा एक बारीक तपकिरी डाग होता. टाचणीचा.

बाकीचे लोक स्टेपलर मारायचे. पोलरॉइडला स्टेपलर मारला तर फोटोवर दाब येतो, म्हणून मी टाचणी टोचायची, नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यात. त्यावरून मला सगळे चिडवायचे. त्या फोटोमागचा कागद माझी चिठ्ठी होती.

आता उरलेलं आपोआप जुळत गेलं. चोराला पावडरची युक्ती माहीत होती. त्याने इतक्या हळुवार हाताने फोटो सोडवला, म्हणजे त्याचा फोटोवर राग नव्हता. पाकिटातून फोटो बाहेर निघणार आणि तो मी काढणार, हे पहिल्यांदा शनिवारी ठरलं, आणि त्याच रात्री तो गेला. फोटो कोणी पाहील याची चोराला भीती नव्हती. मी चिठ्ठी पाहीन याची होती. नुसती चिठ्ठी काढली असती, तरी फोटोमागचा टाचणीचा डाग बघून ती कुठे गेली हे मी विचारलंच असतं.

आणि तो शर्ट. ईश्वरभाऊ घरात कायम बनियनवर असतात, सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा. दिग्दर्शक चारला येणार, तर नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट कशाला? बनियनला खिसा नसतो, म्हणून.

चिठ्ठीत काय आहे ते मला कळलं होतं. तरी जिना चढताना मी मनात म्हणत होते, देवा, मी चुकलेली असू दे.

५

ते गच्चीवर होते. समोर लांब मिठागरं पांढरी दिसत होती.

"खिशात काय आहे, ईश्वरभाऊ?"

"दुधाची कुपनं."

"मला द्या."

"बाई, तुम्हाला बघवणार नाही ते. मी चारला त्या पोराला सांगतो, तब्येत बरी नाही. निकेतही खूश. संपला विषय."

"सतरा वर्षांपूर्वी असाच संपवलात ना विषय?"

त्यांनी खिशातून फोटो काढला आणि मागची घडी सोडवून माझ्या हातात दिली. माझं अक्षर, तेव्हाचं, घाईचं. *सीन बेचाळीस. पट्टी उजव्या हाताला, तळव्यावरून दोन फेरे, गाठ वरच्या बाजूला.* आणि खाली, दोन रेघा ओढून: *नटाने बदलू नये.*

ती रात्र मला आठवली. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. माझी मुलगी संपदा सात वर्षांची, तापाने फणफणलेली. सेटवर जाणं शक्य नव्हतं. तिच्या कपाळावर पट्ट्या बदलत मी घरीच पहिल्या दिवशीचा पोलरॉइड, म्हणजे हाच फोटो, बघून चिठ्ठी लिहिली. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. त्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला दिसतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात. शिकाऊ पोरींना मीच शिकवलं. त्या रात्री मला जो उजवीकडे दिसला, तो मी उजवा म्हणून लिहिला.

"तुम्हाला माहीत होतं आदल्या दिवशी डावा होता," मी म्हटलं. "मग बांधलीत कशी?"

"मी बोललो असिस्टंटला. तो म्हणाला, बाईंची चिठ्ठी आहे, खाली दोन रेघा आहेत. ऊन उतरत होतं. मला वाटलं, बाई चुकत नाहीत. मधे काही शॉट वाढवला असेल, त्यात हात बदलला असेल. आपण कोण विचारणारे?"

"आणि नंतर? शूट झालेलं, रशेस, पाहिल्यावर?"

"दिग्दर्शक बोलला, बाईची चूक असेल तर आजच्या आज काढा तिला. मी म्हटलं, माझी चूक. त्या असिस्टंटला गप्प राहायला लावलं आणि फोटो-चिठ्ठी मागून घेतली." ते मिठागरांकडे बघत होते. "तुमची पोर लहान. तुम्हाला काढलं असतं तर परत कोणी उभं केलं नसतं. माझं काय, मला जज मिळतच होता."

"मग ही जाळून का नाही टाकलीत?"

ते ओशाळं हसले. "कधी कधी मलाच वाटायचं, खरंच मी चुकलो की काय. लोक इतकं बोलायचे. मग पावडर टाकून काढून वाचायचो."

लोक म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी गच्चीच्या कठड्याला धरून रडले. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की त्यांच्याकडे बघवेना. सतरा वर्षं मी त्यांच्या घरचा चहा पिऊन त्यांच्याच तोंडावर तो किस्सा सांगत होते.

"फोटो मला द्या," मी शेवटी म्हटलं. "चिठ्ठीपण."

"बाई, कशाला…"

"नटाने बदलू नये," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही रडता रडता हसलो.

६

चार वाजता रोशन आला. मी त्याच्यासमोर फोटो ठेवला आणि शेजारी चिठ्ठी. निकेत, वहिनी, मुद्दाम बोलावलेला उत्तम, सगळ्यांसमोर वाचून दाखवली. अक्षर कोणाचं, तेही सांगितलं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या आजही मला ताई म्हणतात, पण चहा निकेतच्या हाती पाठवतात. त्यांचं बरोबरच आहे.

रोशनने दोन्ही कागद नेले. आठ दिवसांनी निर्मात्याचा होकार आला. उत्तमने स्वतः फोन करून सांगितलं होतं म्हणे, की गेटकीपर ईश्वरच करेल, मी मालकाचा रोल करतो. निकेतने रजा टाकली आणि गोळ्यांचा डबा घेऊन शूटिंगला सोबत राहायचं ठरवलं.

मी एक यादी केली. ज्यांच्यापुढे मी तो किस्सा सांगितला होता, ते दिग्दर्शक, निर्माते, असिस्टंट. आठवली तेवढी अकरा नावं. फोन लावत बसले. पाच जण वारले होते. दोघांचे नंबर बदलले होते. तिघं म्हणाले, "अच्छा? असं होतं होय?" आणि क्रिकेटचं बोलू लागले. शेवटचा म्हणाला, "कोण ईश्वर?" त्यानंतर मी यादी फाडून टाकली. चूक पसरायला एक कप चहा पुरला होता. ती परत गोळा करायला माणसंच उरली नव्हती.

फेब्रुवारीत भाईंदरच्या एका बंद कारखान्याच्या गेटवर शूटिंग होतं. तो कापलेला सीन, पट्टीसकट, रोशनने आपल्या सिनेमात घेतला होता. रोशनने मला परत कंटिन्युइटीला बोलावलं. मी नको म्हणत होते, ईश्वरभाऊंनीच हट्ट धरला. चार मिनिटं एका दमात करण्याइतका आता त्यांना श्वास पुरत नव्हता. तोच सीन सात तुकड्यांत करावा लागला. मधे मधे खुर्ची, पाणी, गोळी. चेहरा तोच होता, पण सत्याऐंशी साली जे त्यांच्या अंगात होतं, ते सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. त्यातलं कितीतरी आता कोणालाच दिसणार नव्हतं.

पहिल्या तुकड्याआधी असिस्टंट पट्टीचा रोल घेऊन आला. ईश्वरभाऊंनी दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्या युनिटसमोर मला विचारलं, "बाई, कुठला हात?"

माझ्या हातात नवी वही होती आणि टाचण्यांची डबी होती.

"तुम्ही सांगाल तो, ईश्वरभाऊ."

त्यांनी आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या. "मग डावा," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं: पट्टी डाव्या हाताला. आणि खाली, दोन रेघा ओढून: नटाला विचारून.